ताकदीची बाटली

चंद्रप्रभाबाईंनी स्टुलावर उभं राहून बाटलीच्या गळ्याभोवती सुतळीचा दुसरा वेढा घातला आणि खिडकीच्या गजाला गच्च गाठ मारली. खाली श्रीपादराव दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. स्टूल हलत नव्हतं. पण बायको उंचावर चढली की खाली कोणीतरी धरून उभं राहायचं असतं, एवढा संसार त्यांना कळला होता.

"इतकी वर कामून टांगायलीस? टाकीच्या बाजूला ठेव की," ते म्हणाले.

"खाली ठेवली आणि जोर कमी झाला, तर टाकीतलं पाणी उलटं बाटलीत येतं. पाण्याला उतार मिळाला की ते कोणाचं ऐकत नाही."

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईशी पाण्याच्या उतारावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. श्रीपादरावांनी स्टूल आणखी घट्ट धरलं.

काचेची टाकी पुस्तकांच्या कपाटापलीकडे, झोपायच्या खोलीच्या दाराला लागून होती. निवृत्त झाल्यावर बाईंनी अख्खी पृथ्वी सोडून दिली आणि ही दोन फुटांची दुनिया हाताशी घेतली. तळाला धुतलेली वाळू, वाळूत रोवलेल्या पाणवनस्पती आणि त्यांतून फिरणारे बोटाच्या पेराएवढे मासे. मासे खुशाल होते. झाडं मात्र पिवळी पडून विरघळत चालली होती. दुकानदाराने सांगितलं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, सिलिंडर बसवा. सिलिंडरची किंमत ऐकून बाई म्हणाल्या, "तेवढ्यात मी झाडांना महाबळेश्वरला हवा खायला नेऊन आणीन." आणि घरी येऊन त्यांनी स्वस्तातला मार्ग शोधून काढला.

मार्ग सोपा होता. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत साखरेचं पाणी करायचं आणि त्यात पाव फुगवायचं यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. तो वायू नळीने टाकीत न्यायचा, आणि नळीचं टोक पाण्यातल्या छोट्या मोटारीच्या तोंडाशी धरायचं, म्हणजे बुडबुड्यांचा चुरा होऊन ते पाण्यात मिसळतात. नळी म्हणून बाईंनी सलाईनचा सेट वापरला. त्यात वायू कमीजास्त करायला चकरी असते आणि बुडबुडे दिसायला पारदर्शक कुपी. बाटलीच्या झाकणात सुई खुपसली की कुपी आपोआप उलटी होते. दवाखान्यात थेंब खाली पडतो, इथे बुडबुडा वर चढतो. बाईंना हे फार आवडलं होतं.

घोळ झाला तो सेट विकत घेताना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या साहेबरावांनी विचारलं होतं,

"बाई, सलाईन कोणाला लागली? सरांना का?"

"घरीच लावायची आहे."

"नर्स पाठवू का मग?"

"मला येते लावता."

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाला स्वतः उत्तरं देण्याचा कंटाळा असतो. ज्या प्रश्नाची गरज नाही त्याचं उत्तर द्यायचं नाही, असा बाईंचा नियम होता. साहेबरावांचा प्रश्न त्यांना अगदीच फिजूल वाटला होता.

पण नांदेडात बातमीला चालावं लागत नाही, तिला लगेच ऑटो मिळतो. त्यात खिडकीच्या गजाला लटकलेली बाटली गल्लीतून लख्ख दिसायची. यीस्टमुळे पाणी पांढुरकं झालेलं, म्हणजे ती साधी सलाईन नव्हे, ताकदीची, असंही लोकांनी ठरवून टाकलं. पहिल्यांदा श्रीपादरावांच्या जुन्या कचेरीतले दोघं मोसंबी घेऊन आले. मग शाळेतल्या बाया आल्या. पुण्यात फोन करून विचारत असतील; आपल्याकडे आजाऱ्याला डोळ्यांनी बघावं लागतं. जो तो बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं घेऊन यायचा, खुर्चीच्या कडेला टेकायचा आणि आवाज बारीक करून बोलायचा.

बाईंनी प्रत्येकाला खरं सांगितलं. टाकी दाखवली, बुडबुडे दाखवले, झाडांचं अन्न समजावून सांगितलं. लोक मान हलवायचे आणि जिन्यात गेल्यावर एकमेकांना म्हणायचे, "लपवायलेत बिचारे." जितकं खरं सांगावं तितका आजार मोठा होत गेला.

"बाटली आत घे ना," श्रीपादराव एकदा म्हणाले.

"का म्हणून? झाडांना पालवी फुटायलीय. लोकांच्या तोंडासाठी मी माझी झाडं मारू?"

श्रीपादरावांचीही फारशी तक्रार नव्हती. शहाळ्याचं पाणी त्यांना मानवत होतं. चौकशीचे फोन आले की ते मोबाइल घेऊन गॅलरीत जायचे आणि बराच वेळ बोलायचे. बाईंची खरी तक्रार वेगळीच होती. बेकरीतून आणलेलं सुटं यीस्ट जुनाट निघालं होतं आणि चिमूटभरही उरलं नव्हतं. हल्ली दर जेवणाला त्या याच विषयावर यायच्या.

"ताजं, बंद पाकिटातलं पाहिजे. या बाटलीचा जोर सरला की पुढं काय?"

"बघतो की. आणवतो कुठून तरी," श्रीपादराव म्हणायचे आणि भाकरीचा पुढचा घास मोडायचे.

रविवारी दुपारी ते गॅलरीतून आत आले आणि टाकीपुढे उभे राहिले. माशांकडे बघत म्हणाले,

"मनस्विनी निघालीय."

"कुठं?"

"इकडं. बस अहमदपूरच्या पुढं आलीय म्हणे. तिला कळलंय."

"काय कळलंय?"

श्रीपादरावांनी नुसती हनुवटीने खिडकी दाखवली.

चंद्रप्रभाबाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. मनस्विनी ही त्यांची धाकटी बहीण, लातूरला कॉलेजात शिकवणारी. दोन वर्षं झाली, दोघींमध्ये अवाक्षर नव्हतं. मनस्विनीच्या मुलीचं, आरतीचं लग्न ठरलं तेव्हा अक्काच्या घरी कुंकू-अक्षता घेऊन कोणी आलं नाही. मोबाइलवर पत्रिका आली, सगळ्यांना गेली तशी. खाली छापलेलं होतं, 'हेच प्रत्यक्ष निमंत्रण समजावे.' बाईंनी ती ओळ चष्मा लावून वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली. मग फोन करून म्हणाल्या, "समजावे म्हणजे काय? मी का समजावे? सख्ख्या मावशीला बोलावणं करायची ही रीत झाली का?" मनस्विनी लग्नाच्या धावपळीत होती, तीही तडकली. म्हणाली, "अक्का, तुला माणसापेक्षा कुंकवाची डबी मोठी." शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी चंद्रप्रभाबाई बोलून गेल्या, "आता मी अंथरुणाला खिळले तरी मला बघायला येऊ नकोस."

त्या लग्नाला गेल्या नाहीत. आरतीसाठी घेतलेली साडी कपाटात राहिली. लग्नाच्या दिवशी मुहूर्त टळेपर्यंत त्या घरातली तांब्याची भांडी चिंचेने घासत बसल्या, आणि घासून झालेली परत घासली. आपलं चुकलं नाही याची त्यांना तेव्हाही खात्री होती आणि आजही होती. फक्त त्या खात्रीचा त्यांना काही उपयोग होत नव्हता. बहिणीची आठवण यायची ती यायचीच.

"फोन करून सांगा तिला, आजारी कोणी नाही म्हणून," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी मोबाइल पुढे केला. "तू सांग."

बाईंनी मोबाइल घेतला. नंबर तोंडपाठ होता. खरं सांगितलं तर मनस्विनी पुढच्या थांब्यावर उतरेल आणि लातूरची उलटी बस पकडेल. तीही त्याच माहेरची, ताठ कण्याची. बाईंच्या डोळ्यांपुढे रस्ता उलगडला: अहमदपूर, लोहा, विष्णुपुरी, नांदेड. चुकलेलं उत्तर त्यांनी आयुष्यात कधी वर्गात तसंच राहू दिलं नव्हतं.

"लोहा येऊ द्या," त्या म्हणाल्या. "मग सांगू."

लोहा आलं असेल इतका वेळ गेला. श्रीपादरावांनी आठवण केली. बाई म्हणाल्या, "विष्णुपुरी येऊ द्या. आता मधेच उतरून बाईमाणसानं उन्हात कुठं उभं राहायचं?" विष्णुपुरी आली म्हणजे नांदेड आलंच, हे दोघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने बाईच म्हणाल्या, "तुम्ही आडवे व्हा."

"आं?"

"आडवे व्हा म्हणते. अंगावर चादर घ्या."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचं काहीच नाही. नुसतं पडून राहायचं."

आजवर मुलांच्या प्रगतिपुस्तकावरचा अर्धा गुण ज्या बाईने कोणासाठी वाढवला नाही, तिने नवऱ्याला आजारी पाडलं. श्रीपादराव मुकाट्याने आत गेले. चादर त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि वर्तमानपत्र उशीखाली सरकवलं. आजारी माणसाने पेपर वाचलेला बरा दिसत नाही.

तेवढ्यात शेजारच्या विठाबाई आल्या. नातवंडांच्या शाळेसाठी त्या किनवटकडचं गाव सोडून इथे राहायला आल्या होत्या. त्यांना शेजाऱ्याच्या आजारात नुसतं बसून राहणं जमायचं नाही. बाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवेपर्यंत त्या आतल्या दाराशी डोकावून आल्या, मग खिडकीपाशी गेल्या. नळी कपाटामागे शिरून सरांच्या खोलीकडे गेलेली त्यांना दिसली, कुपीतली लगबगही दिसली.

"बाई, लई जोरात चालू होती हो," जाताना त्या उंबऱ्यात म्हणाल्या. "अशानं माणसाला थंडी भरती. मी चकरी फिरवून बारीक केलीय जरासक."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. त्यांचं सगळं ध्यान रस्त्यावर थांबलेल्या ऑटोकडे होतं. ऑटोतून मनस्विनी उतरत होती. केस पांढरे झाले होते, आणि रंगवले नव्हते. खांद्याला पिशवी होती.

दारात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मनस्विनीने चप्पल काढली, पण ती आत आली नाही.

"तू खिळलीस तर येऊ नको म्हणाली होतीस," ती म्हणाली. "दाजींचं काही बोलली नव्हतीस."

चंद्रप्रभाबाई दारातून बाजूला झाल्या.

"ये आत," त्या म्हणाल्या.

"आणि आजाऱ्याला बघायला बोलावणं लागत नाही. सुखाच्या कार्याला लागतं."

"ये म्हणलं ना."

मनस्विनी आली. खोलीच्या दाराशी उभी राहून तिने दाजींकडे बघितलं. "कसं वाटायलंय?" असं विचारलं. दाजींनी डोळे मिटूनच हात जरा वर केला आणि पुन्हा टाकला. तो हात बाईंना फाजील वाटला. मनस्विनी परत येऊन खुर्चीवर बसली, इतर लोक बसायचे तशीच, कडेला टेकून. बाईंनी गूळ-पाणी दिलं. मनस्विनीने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाणी प्यायली. भिंतीवरचं घड्याळ दोघींनी आळीपाळीने बघितलं.

"आरती कशी आहे?"

"बरी आहे. पुण्यात असते. विचारते तुला अधूनमधून."

"काय विचारते?"

"मावशी भाजणीत धने किती घालते म्हणून."

बाई उठल्या. पाणी ठेवून आल्या, परत बसल्या, परत उठल्या. कपाटातली साडी आत्ता द्यावी की उद्या, हे त्यांना ठरवता येईना. आणि उद्या ती असेल का, हेही माहीत नव्हतं. आजाऱ्याला बघायला आलेलं माणूस मुक्कामाला राहत नाही, चहा घेऊन उठतं. तिकडे खोलीत धडधाकट माणूस चादर पांघरून घामाघूम होत होता. धाकट्या बहिणीला उन्हातून चार तास या खोट्यापायी आणलं होतं. बहिणीला ठेवून घ्यायची त्यांना फार इच्छा होती. पण अशी नाही.

"मनू," त्या म्हणाल्या, "आजारी कोणी नाही."

मनस्विनीने हातातला पेला खाली ठेवला.

"दाजी ठणठणीत आहेत. ती बाटली झाडांची आहे. साखर आणि यीस्ट आहे तिच्यात. लोकांनी सलाईन समजून गावभर केलं. तुला मी मघाशीच फोन करणार होते, अहमदपूरला होतीस तेव्हा. केला नाही. तू परत फिरली असतीस." एवढं एका दमात सांगून त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आता तुला जायचं तर जा. चहा घेऊन जा."

मनस्विनीने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी खिडकीत फाट्‌कन आवाज झाला.

विठाबाईंनी चकरी जरासक नव्हे, पुरती बंद केली होती. कोंडलेल्या वायूने बाटली दगडासारखी टणक झाली आणि झाकण सुईसकट उडालं. आंबूस, पांढरं पाणी पडद्यावर, पुस्तकांच्या कपाटावर आणि भिंतीवरच्या भारताच्या नकाशावर उडालं. दुसऱ्याच क्षणी चादर पायात गुंडाळलेले श्रीपादराव खोलीतून धावत बाहेर आले. "काय झालं, काय झालं? कोणाला लागलं का?" म्हणत त्यांनी जवळजवळ उडी मारूनच स्टूल गाठलं आणि वर चढून लोंबकळणारी नळी पकडली.

घरभर पावाच्या भट्टीसारखा वास सुटला. दोघी बहिणी स्टुलावरच्या आजाऱ्याकडे बघत राहिल्या. आधी मनस्विनीच्या खांद्यांना हिसका बसला. मग चंद्रप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, लहानपणापासून. या वेळी ते जरा जास्त आलं आणि थांबायला वेळ लागला.

मग तिघांनी मिळून पडदा काढला, कपाट पुसलं, नकाशावर ओलं फडकं फिरवलं. टाकीत काही बिघडलं नव्हतं. हिरव्या पानांमधून मासे निवांत फिरत होते. बाईंनी रिकामी बाटली धुऊन उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला.

"सगळं गेलं. नवीन कालवायला घरात यीस्टही नाही. आत्ता कुठं पालवी धरली होती."

मनस्विनीने हात पुसले, पिशवी ओढून घेतली आणि आतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बंद पाकीट, ताज्या यीस्टचं.

"हे काय?"

"पेशंटला आणलं होतं," मनस्विनी म्हणाली. "बाकीचे शहाळं आणतात."

चंद्रप्रभाबाईंनी पाकीट हातात घेतलं. मनस्विनीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. श्रीपादराव स्टुलावरून उतरले होते. त्यांनी जमिनीवरची चादर उचलली, नीट खांद्यावर घेतली आणि खोलीत जाऊन परत आडवे झाले. या खेपेला चादर डोक्यावरून होती.

बाईंच्या ओठांवर एक नाही, चार प्रश्न आले. त्यांनी एकही विचारला नाही. साखरेचा डबा आणला, कोमट पाणी केलं. मनस्विनी बाटली धरून उभी राहिली, बाईंनी मापाने साखर ओतली. लहानपणी रॉकेलच्या कंदिलात तेल ओतताना एकीने धरायचं आणि एकीने ओतायचं, तशाच त्या दोघी उभ्या होत्या. झाकणातल्या सुईभोवती नवा डिंक लावून बाई म्हणाल्या, "हा वाळेपर्यंत थांबावं लागेल. धरून ठेव. हलवू नकोस."

आणि त्यांनी चष्मा लावला, मोबाइल घेतला आणि एकेक अक्षर शोधून टाइप करायला लागल्या. वेलांटी चुकली, ती पुसून परत केली.

मनस्विनीच्या पिशवीत टिंग वाजलं. मनस्विनीने एका हाताने बाटली सांभाळत दुसऱ्या हाताने आपला मोबाइल काढला.

'चि. सौ. मनस्विनीस, चार दिवस राहायला येणे. हेच प्रत्यक्ष निमंत्रण समजावे. – अक्का.'

तिने ते वाचलं. मग परत वाचलं. बाटली तिच्या हातात हलली.

"नीट धर," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, आणि सुतळी आणायला आत गेल्या.